सुंभाचं गलबत

१

रोज सकाळी अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या शेडचं कुलूप मीच काढायचे. कामगारांची बस यायच्या आत मला थोडा वेळ एकटीला हवा असायचा. एसी लावायचा, थर्मासमधला चहा झाकणात ओतायचा आणि गलबताभोवती एक फेरी मारायची. फेरी मारताना बोटाच्या पेरांनी फळ्या ठोकत जायचं, बाजारात मडकं घेताना वाजवून बघतात तसं. शिवण घट्ट असली की टणक आवाज येतो, सैल असली की बद्द.

मी जहाजं बांधणारी इंजिनियर. आजवर तेल कंपन्यांसाठी पोलादी बोटींची ड्रॉइंग्ज केली, पण त्यातली एकही बोट दाखवायला मी माझ्या मुलीला नेलं नव्हतं. हे गलबत वेगळं होतं. हजार वर्षांपूर्वी या आखातातून कोकणात जी गलबतं जायची, त्यांत एक खिळा नसायचा. फळ्यांना कडेने भोकं पाडायची आणि काथ्याच्या दोरीने, म्हणजे सुंभाने, फळीला फळी शिवायची. इथून खजूर, मोती आणि घोडे जायचे, तिकडून सागवान, सुपारी आणि हाच सुंभ यायचा. त्या जुन्या व्यापाराचं एक प्रदर्शन अबुधाबीत खाडीकाठी उभं राहत होतं, आणि उद्घाटनाला तसंच शिवलेलं गलबत पाण्यात चालवून दाखवायचं होतं. पहिल्या फेरीला शाळेतली मुलं बसणार होती. त्यांत आमची ईश्वरीही होती.

प्रदर्शनाचं सगळं मुग्धा बघत होती. तिचं ऑफिस दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये, त्यामुळे तिला समुद्र कायम काचेतून दिसतो.

"अनुपमा, लिसन, आतून इपॉक्सीचा एक कोट मार ना," ती म्हणाली. "बाहेरून सुंभच दिसणार. हू विल नो?"

"मला कळेल."

"तुला कळून काय उपयोग? सेफ्टीवाल्याला आत पाणी दिसलं तर तो मुलांना चढूच देणार नाही. मग तुझं गलबत हॉलमध्ये स्टँडवर, खलास."

"पाणी दिसणार नाही," मी म्हटलं.

हे मी बोलून गेले खरी. तळाच्या कण्याजवळची डावीकडची शिवण मला पहिल्यापासून खटकत होती, तिथे ठोकलं की बद्द वाजायचं. दोनदा उसवून पुन्हा शिवली तरी तेच. घरी अंकुर म्हणाला, "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण तुझ्यावरूनच पडली असणार." नवरा आहे तो, त्याला अशी संधी मी नेहमी देते.

आधीच सांगते, मी जिंकले. गलबत तरलं, आणि इपॉक्सीच्या प्लास्टिकचा थेंबही न लावता तरलं. पुढचं सगळं ऐकताना एवढं लक्षात ठेवा.

२

शेवटची शिवण आवळली तेव्हा दुपार होती. शाहबाजभाई, आमचे कराचीचे मुख्य सुतार, यांनी लाकडावर हात ठेवून बिस्मिल्ला म्हटलं. केरळचे दोघे सुतार छातीवर क्रूस काढून मोकळे झाले. शिवणकाम करणारी देवगडकडची माणसं मात्र घुटमळत राहिली.

"काय झालं, तुकाराम?" मी विचारलं. तुकाराम त्यांचा मुकादम.

"मॅडम, गाऱ्हाणा घालूक होया. असा कसा पाण्यात सोडतलास?"

"मग घाला की."

तुकारामने मागे बघितलं, मागच्यांनी त्याच्या मागे बघितलं. शेवटी तो म्हणाला, "गावाक गुरव घालता. आमका फक्त 'व्हय म्हाराजा' म्हणाक येता."

मला हसू फुटलं. एवढी माणसं आणि सगळी नुसती होकार देणारी! माझे वडील देवगडचेच, जत्रेला ते गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायला, उभे राहिले की आम्ही पोरं देवळाच्या पायरीवर बसून नक्कल करायचो. तेवढ्या भांडवलावर मी पुढे झाले. आवाज माझा पहिल्यापासून खणखणीत आहे, आणि पुण्यात वाढले म्हणून काय झालं?

"बा देवा म्हाराजा! आज ह्या गलबत पुरा झाला, ता तुझ्या पायाकडे ठेवतोव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या कामाक ज्या ज्या धर्माच्या लेकरांनी हात लावलो, त्या सगळ्यांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी शाहबाजभाईंनीही ओरडून घेतलं. केरळवाले हसत होते. मला भलताच चेव आला.

"आणि अशा गलबतार ज्येनी घाम गाळलो असात, पण ज्येचा नाव घेवचा रवला असात, तेनाय येवन आपली जागा घेवची रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पत्र्याचं छप्पर घुमलं आणि शांत झालं. मग, सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एक आवाज आला. हळू, जरासा दमलेला.

"व्हय म्हाराजा."

तो गलबताच्या आतून आला होता. फळीला तोंड लावून कुणी बोलावं तसा.

"अंदर कौन रह गया?" शाहबाजभाईंनी विचारलं.

आत कुणी राहिलं नव्हतं. सगळे माझ्यासमोरच उभे होते. तुकाराम शिडीवरून चढून बघून आला आणि म्हणाला, "आवाज फिरलो असात. पत्रो आसा ना." मग नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं आणि मीही खाल्लं.

३

दोन दिवस मी रजेवर होते, शेड तुकाराम उघडत होता. त्यानंतरच्या सकाळी मी शेड उघडली, चहा ओतला, आणि फेरीला निघणार तेवढ्यात आवाज ऐकू आला.

खरवडल्यासारखा एक आवाज. थोडं थांबून पाणी पडल्याचा. पुन्हा खरवड, पुन्हा पाणी.

कोकणाशी ज्याचा संबंध आहे त्याला हा आवाज सांगावा लागत नाही. होडीच्या तळातलं पाणी कुणीतरी उपसून बाहेर टाकत होतं. अडचण एवढीच की आमचं गलबत ओंडक्यांवर, कोरड्या शेडमध्ये, समुद्रापासून लांब उभं होतं. त्याने अजून पाणी बघितलंही नव्हतं.

मी शिकलेली बाई. पहिल्यांदा एसीकडे गेले. त्याच्या खालच्या ट्रेमध्ये पाणी साठतं, ते ठिबकत असेल. एसी बंद केला. शेड एकदम गप्प झाली आणि तो आवाज आणखी स्पष्ट ऐकू यायला लागला. खरवड, पाणी. त्यात घाई नव्हती. ज्याला माहीत आहे की हे काम संपणारं नाही, तो असंच करतो.

शिडी लावून वर चढले तेव्हा आवाज थांबला. मालाच्या खणात लाकडाचा भुसा होता, सुंभाचे तुकडे होते आणि फळ्यांना चोपडलेल्या मासळीच्या तेलाचा उग्र वास होता. तळावरच्या सुट्या फळ्या जागच्या जागी होत्या. एक उचलून बघितली, खाली ठणठणीत कोरडं. मी उतरले. शेवटच्या पायरीवरून पाय जमिनीला लागला आणि आवाज सुरू झाला.

डाव्या बाजूला काँक्रीटवर ओल होती. वरून कुणी पाणी फेकावं तशी, शिंतोड्यांसकट. मी बोट लावून चाखलं. एसीच्या पाण्याला चव नसते, हे खारट होतं.

बस आल्यावर तुकारामला तिथे नेलं.

"ह्या होय?" तो म्हणाला. "ह्या मी नारळ फोडल्यापासून पुसतंय, मॅडम. माका वाटला केरळवाले हय ब्रश धुतत."

"समुद्राच्या पाण्याने?"

तुकारामने बोट लावलं, जिभेला लावलं आणि माझ्याकडे न बघता फडकं आणायला गेला. मी म्हटलं ना, मी शिकलेली बाई. रेतीत मीठ असतं, काँक्रीटमध्ये मीठ उतरतं, गरमीत ते वर येतं, असं मी स्वतःला समजावलं. मी इतकं छान समजावलं की दुसरी कुणी असती तर तिला पटलं असतं.

४

शिवलेलं गलबत पाण्यात टाकलं की आधी गळतंच. लाकूड पाणी पितं, फुगतं, मग शिवणी आपोआप दाबल्या जातात. म्हणून उद्घाटनाच्या आधी आठवडाभर आम्ही ते क्रेनने खाडीत सोडलं. मी पंप तयार ठेवले होते. पहिल्या दिवशी गुडघाभर पाणी येणार, हे गृहीत धरलं होतं.

डावीकडची ती शिवण तशीच गळली. फळी उचलून मी स्वतः बघितलं, करंगळीएवढी धार आत येत होती. तशी धार दिवसभर चालली तर खण भरायला हवा. पण तळात पाणी साठत नव्हतं, फळ्या नुसत्या ओलसर होत्या.

सेफ्टीवाला साहेब आला, टॉर्च मारून बघून गेला. "एक्सलंट," म्हणाला. "माशाल्ला." मुग्धाने मला मिठी मारली.

"यू डिड इट! आय टेक बॅक एव्हरीथिंग. कसं केलंस गं?"

मी धक्क्यावर उभी होते. तिच्या खांद्यावरून मला गलबताची डावी बाजू दिसत होती. तिथे शांत पाण्यावर काहीतरी ओतल्यासारखं वर्तुळ उठत होतं, पसरत होतं. ते विरायच्या आत दुसरं.

"हाताचं काम आहे," मी म्हटलं.

त्याच दुपारी मुग्धाने मला हॉलमधले फलक दाखवले. काम चांगलं होतं, उगाच नावं ठेवणार नाही. इराणच्या बंदरातले व्यापारी होते. इथल्याच बेटांवर मठ करून राहिलेले ख्रिस्ती साधू होते. चीनचे रांजण होते. कोकणातलं चौल होतं, जिथे हिंदू राजाने अरब व्यापाऱ्यांना मशिदी बांधू दिल्या आणि त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच माणूस काझी म्हणून नेमला. वाचताना मला अभिमान वाटला.

"आणि पाणी कोण उपसायचं?" मी विचारलं.

"सॉरी?"

"ही गलबतं अख्ख्या प्रवासात गळायची. पोचेपर्यंत कुणीतरी खाली बसून पाणी उपसत असणार. राजा आहे, काझी आहे, साधू आहे. तो कुठंय?"

मुग्धाने फलकांकडे बघितलं. "अनुपमा, अगं, स्पेसच नाहीये."

बाहेर आले तेव्हा तुकाराम धक्क्यावर बसला होता. त्यालाही ती वर्तुळं दिसत होती. मी त्याच्या शेजारी टेकले. तेवढ्यात मला आठवलं. जत्रेत गाऱ्हाणं संपलं की वडील पुन्हा हात जोडायचे आणि आलेल्या सगळ्यांना आपापल्या ठिकाणी जायला सांगायचे. आम्ही पोरं तोवर प्रसादाच्या रांगेत पळालेली असायचो, म्हणून नकलेत तो भाग कधी आलाच नाही. मी एकाला या म्हटलं होतं. जा म्हणायचं राहिलं होतं.

मला भीती वाटली. अगदी साधी भीती. कारण खाली जो कुणी होता तो वाईट वागत नव्हता. तो काम करत होता.

५

उद्घाटनाच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी धक्क्यावर गेले. पिशवीत नारळ, विडा आणि सुपारी होती. ठरवलं होतं, दोन वाक्यं म्हणायची, त्याला मान द्यायचा, निरोप द्यायचा आणि मग माझं गलबत माझ्या शिवणीवर चालवायचं.

खणात उतरून मी हात जोडले आणि त्या शिवणीकडे नजर गेली. धार बारीक झाली होती, पण होती. लाकडाला अजून एकदोन दिवस हवे होते. फळ्यांखालून आवाज येत होता. खरवड, पाणी. मी त्याला घालवलं तर मुलं चढेपर्यंत तळ भरणार, सेफ्टीवाला हात वर करणार, मुग्धा पुन्हा इपॉक्सीचं नाव काढणार. गलबत स्टँडवर.

वर धक्क्यावर शाळेची बस थांबल्याचा आवाज आला. "यल्ला, यल्ला, जॅकेट्स फर्स्ट!" मुग्धा ओरडत होती. पोरांच्या कलकलाटात मला ईश्वरीचा आवाज ओळखू आला. ती कुणालातरी सांगत होती, "माय मॉम मेड धिस. नो नेल्स. नॉट ईव्हन वन."

मी सगळा हिशेब केला. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, दोन्ही बाजूंना बचावाच्या बोटी, आणि मधला खोल पट्टा सोडला तर पाणी छातीइतकंच. हे सगळं खरं होतं. पण नारळ पिशवीत परत ठेवला तो या कारणांनी नाही. मला जिंकायचं होतं, म्हणून ठेवला.

"आजच्या दिवस," मी फळ्यांना म्हटलं. "एवढी एक फेरी."

खालचा आवाज क्षणभर थांबला, मग सुरू झाला.

६

काय सांगू ती फेरी! वल्ह्यांवर आमचीच माणसं होती, देवगडची आणि कराचीची एका बाकावर. धक्का सुटला, टाळ्या झाल्या, ढोल वाजले. शाहबाजभाईंनी शीड उघडलं, त्यात वारा भरला आणि सगळं लाकूड एकदम कुरकुरलं. खिळ्यांची बोट वाऱ्याला अडून उभी राहते. शिवलेली बोट त्याच्याबरोबर वाकते. ते पायांना कळत होतं. पोरं किंचाळत होती, खारफुटीतून पांढरे बगळे उठत होते, आणि मी सुकाणू धरून ढसाढसा रडत होते. हे मी लपवणार नाही.

खोल पट्ट्यात शिरलो आणि शमाल वाढला, थंडीतला तो वायव्येचा वारा. एक लाट बाजूने आदळली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आवाज थांबलाय.

वारा होता, पोरं होती, वल्ही होती. त्या सगळ्याखाली सकाळपासून जो आवाज होता तो नव्हता. मी कान दिले. काही नाही. मग ईश्वरीने हाक मारली, "आई, माय शूज आर वेट."

प्रत्येक हेलकाव्याला फळ्यांच्या फटीतून पाणी वर उसळत होतं.

"तुकाराम, सुकाणू धरा," मी म्हटलं.

"खय चाललास?"

"खाली."

तुकारामने माझ्याकडे बघितलं. "मॅडम, नको," तो एवढंच म्हणाला, पण सुकाणू धरलं.

मागच्या बाजूला फळ्यांखालच्या खणात उतरायला एक चौकोनी तोंड ठेवलं होतं. मी उतरले आणि पाणी मांडीपर्यंत आलं. थंडगार. समोर फळ्यांखाली अंधार होता, फटींतून उन्हाचे पट्टे येऊन पाण्यावर हलत होते. डावीकडची शिवण लाटेने आणखी उघडली होती. मी हाताने दाबून बघितली, हाताने काय होणार?

मग अंधारातून एक बादली पुढे आली.

चामड्याची, काठोकाठ भरलेली. ती दोन हातांत धरलेली होती. हात मनगटापर्यंत उन्हात होते, पुढे अंधार. पाण्यात फार वेळ राहिल्यावर कातडी जशी पांढरी पडून सुरकुतते, तसे ते हात होते. ते बादली पुढे धरून थांबले होते. जरासे कापत होते.

मला एकदम कळलं. हे काम एकाचं नव्हतंच. खालचा भरतो आणि वरचा घेऊन फेकतो. इतके दिवस तो दोघांचं काम एकटा करत होता, आणि आता दमला होता.

डोक्यावर पोरांच्या पावलांचा धडधडाट होता. त्यात माझ्या पोरीची पावलं होती. मी बादली घेतली.

ती खरी होती. जड होती, चामड्याला तेलाचा वास होता, कड बोटांत रुतत होती. मी ती तोंडातून वर डाव्या कडेपलीकडे फेकली, पाणी समुद्रात पडल्याचा आवाज ऐकला आणि रिकामी बादली अंधाराकडे धरली. हातांनी ती घेतली. खरवड. पुन्हा भरलेली बादली.

मी त्या मनगटांच्या पलीकडे बघितलं नाही. एकदाही नाही. भीतीने माझे दात वाजत होते आणि हात चालत होते. थोड्या वेळाने लय सापडली. घ्यायचं, फेकायचं, द्यायचं. पाणी मांडीवरून गुडघ्यावर आलं, गुडघ्यावरून पोटरीवर. माझ्या खांद्यांतून कळा निघत होत्या आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मला आनंद होत होता. आयुष्यात इतकी वर्षं कागदावर जहाजं काढली, पण जहाज तारणं म्हणजे काय, ते त्या काळोख्या भोकात पोटरीभर पाण्यात कळलं.

शेवटची बादली तळ खरवडून आली आणि वर ढोल वाजायला लागले. धक्का आला होता.

७

मी बाहेर आले तेव्हा नखशिखांत भिजलेली होते. मुग्धाला वाटलं, आनंदाने पाण्यात उडी मारली. कॅमेरे चमकत होते. सेफ्टीवाल्याने वाकून खणात टॉर्च मारला आणि अंगठा दाखवला. पाहुण्यांतले एक वृद्ध शेख सुंभाच्या शिवणीवरून हात फिरवत कितीतरी वेळ उभे होते. त्यांचे आजोबा मोत्यांसाठी बुडी मारायचे म्हणे.

"अनुपमा, से समथिंग!" मुग्धाने माइक पुढे केला.

मी माइक घेतला नाही. पिशवीतला नारळ घेतला आणि गलबताकडे तोंड केलं.

"बा देवा म्हाराजा!"

देवगडची माणसं ताठ झाली.

"ज्येचा नाव माका ठावक नाय, तेना आज ह्या पोरांका तारल्यान रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शाहबाजभाईंचा आवाज सगळ्यात मोठा होता.

"तेचो मान तेका पोचलो. आता तेची पाळी सपली. तेना सुखान आपल्या घराक जावचा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी नारळ फोडला. थोड्या वेळाने फळ्यांखालून, सगळ्यांच्या मागून, तो आवाज आला. ओझं खाली ठेवताना माणूस सुस्कारा टाकतो, तसा. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

मी परत खाली जाऊन बघितलं. शिवण मिटली होती. लाकूड फुगून फळीला फळी अशी बसली होती की नख शिरत नव्हतं. पेरांनी ठोकलं, टणक वाजलं. आवाज कसलाच नव्हता. मी मोठ्याने हसले. गलबत आता स्वतःच्या पायावर उभं होतं, आणि निरोपही देऊन झाला होता. गड आला आणि सिंहही शाबूत होता, आणखी काय हवं?

संध्याकाळी मी आणि ईश्वरी मोहम्मद बिन झायद सिटीकडे, घरी निघालो. ती मागच्या सीटवर चिप्स खात होती.

"आई, दॅट अंकल डाउन देअर. ही वॉज सो स्ट्राँग."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. "तू कुठून पाहिलंस?"

"आय वॉज लाइंग ऑन माय टमी. देअर वॉज अ गॅप." मग तिने चिप्सचं पाकीट खाली ठेवलं. "बट आई, ही वॉज गिव्हिंग यू द बकेट. हू वॉज गिव्हिंग इट टू हिम?"

"म्हणजे?"

"देअर वॉज समवन बिहाइंड हिम. अँड समवन बिहाइंड दॅट वन. दे वेअर ऑल पासिंग इट." तिने बोटांवर मोजून बघितलं. "आय कुडन्ट सी द एंड ऑफ द लाइन. द बोट इझन्ट दॅट लाँग, इज इट?"

नाही. गलबत तेवढं लांब नव्हतं. त्याचं ड्रॉइंग मीच काढलंय, त्याची लांबी मला माहीत आहे.

मी म्हटलं होतं, ज्याचं नाव घ्यायचं राहिलं असेल त्याने यावं. हजार वर्षं या पाण्यावर गलबतं ये-जा करत होती, आणि राजे, काझी, साधू सोडले तर नाव घ्यायचं कुणाचं राहिलं नव्हतं? निरोप मी दिला होता तो फक्त एकाला.

पुढच्या वळणावर मी गाडी उलटी फिरवली. वाटेत एका दुकानात शिरून नारळ घेतले. दुकानदाराने विचारलं, किती? मी म्हटलं, आहेत तेवढे दे.

धक्क्यावर पोचलो तेव्हा मशिदीतून मगरिबची, सूर्यास्ताच्या नमाजाची, अजान होत होती. ती संपेपर्यंत आम्ही थांबलो. कामगार गेले होते, पाहुणे गेले होते, गलबत एकटंच हलत होतं. आतून आवाज येत होता. खरवड नव्हती, पाणी नव्हतं. ओल्या पायांनी बरीच माणसं दाटीवाटीने उभी असताना होते तशी चुळबुळ होती.

ईश्वरीने माझा हात पकडला. "व्हॉट डू आय से?"

"मी बोलेन. शेवटी तू 'व्हय म्हाराजा' म्हणायचंस, मोठ्याने."

नारळ गलबतापुढे मांडून मी ताठ उभी राहिले. घसा खाकरला. भीती होती, पण छाती अभिमानाने भरून आली होती. माझं गलबत होतं, त्यावरची माणसंही माझीच.

"जेवढे कोण इलास, तेवढ्यांचो मान तेवढ्यांका पोचलो! सगळ्यांची पाळी सपली! तुमी सगळ्यांनी सुखान आपापल्या घराक जावचा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ईश्वरी ओरडली. तिच्या तोंडी तो शब्द अगदी इंग्रजी वाटला.

मग गलबतातून होकार आला. ते आवाज किती होते, ते मी मोजलं नाही.